तळहाताएवढ्या जागेवर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी मोटारसायकल विकत घ्यायला निघालेला माणूस काय काय विचारतो, हे एकदा बाजूला उभं राहून ऐकण्यासारखं असतं. पहिला प्रश्न, ‘ॲव्हरेज किती देते?’ दुसरा, ‘इंजिन खोललंय का?’ मग तो किक मारतो, ॲक्सिलरेटर पिळतो, सायलेन्सरमधून येणारा धूर बघतो, टाकीवर पोचे आहेत का म्हणून हात फिरवतो आणि सौद्याला बसतो. टायरकडे पाहिलंच, तर नक्षी शिल्लक आहे की नाही, एवढंच. १९८४ साली मीही असाच गेलो होतो.

मी तेव्हा कोल्हापुरात एका शाळेत विज्ञान शिकवत होतो. स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहण्याचे ते दिवस. सोसायटीचं कर्ज काढून मी १९७१ सालची एक बुलेट घेतली. इंजिनाचा ठोका ऐकला आणि दुसरं काही पाहायचं भानच राहिलं नाही. गावात गाडी छान चालायची. पंधरा दिवसांनी आम्ही कराडला, सासुरवाडीला निघालो. मागे सौ., पुढे टाकीवर तीन वर्षांची मुलगी. किणी मागे पडली, रस्ता सरळ मिळाला, काटा साठच्या पुढे गेला आणि गाडी मागून डुलायला लागली. पाण्यातून जाणाऱ्या माशासारखी, डावीकडे-उजवीकडे, सावकाश. मी हँडल घट्ट धरलं, तसं डुलणं वाढलं. समोरून ट्रक येत होता. ॲक्सिलरेटर सोडला, गाडी हळूहळू शांत झाली आणि आम्ही कडेला थांबलो. मुलीला गंमत वाटली होती. ती म्हणाली, ‘बाबा, परत करा.’

त्यानंतर मी जे केलं ते बहुतेक सगळेच करतात. ज्यानं त्यानं सांगितलं ते ऐकलं. एक मित्र म्हणाला, शॉकॲब्सॉर्बर गेलेत. ते बदलले. दुसरा म्हणाला, हँडल सैल आहे, आवळून घे. आवळलं. गाडी आणखीच डुलायला लागली. दोन महिन्यांचा पगार संपत आला तेव्हा मनात विचार आला, की जशी घेतली तशी गुपचूप विकून टाकावी. विकणाऱ्यानं तरी आपल्याला कुठं काय सांगितलं होतं?

त्या वेळी उद्यमनगरातल्या एका वयस्क मिस्त्रींकडे मी गेलो. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांनी मला काय शिकवलं ते सांगतोच. पण त्यांचं म्हणणं मला नीट कळलं ते पुढं बऱ्याच वर्षांनी, मोटारसायकलचा इतिहास वाचायला लागल्यावर. म्हणून आधी थोडं मागं जाऊ.

जर्मनीत गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी बनवली. तिची चौकट लाकडी, चाकं लाकडी आणि त्यांवर लोखंडी धाव, आपल्या बैलगाडीला असते तशी. पडू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक छोटं चाक लावलेलं होतं. लहान मुलांच्या सायकलला लावतात तसं! म्हणजे इंजिनाचा प्रश्न सुटला, तरी दोन चाकांवर सरळ चालण्याचा प्रश्न तसाच होता.

त्याचं अर्धं उत्तर रबरात होतं. साधं रबर उन्हाळ्यात चिकट व्हायचं आणि थंडीत तडकायचं. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांनी रबरात गंधक घालून ते तापवण्याची रीत शोधली आणि १८४४ साली तिचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या स्कॉटिश तरुणानं हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी, वर चामड्याचं कव्हर. लंडनच्या रीजंट पार्कमध्ये घोडागाडीला ती चाकं लावून प्रयोगही झाले. पण तेव्हा ना सायकल होती, ना मोटार. कल्पना चांगली होती, काळ मागं होता. लोक विसरून गेले.

चाळीसेक वर्षांनी बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधली. त्यांना थॉमसनची माहिती नव्हती. त्यांचा प्रयोग कोणत्याही शाळेत करता येईल असा आहे. एका लाकडी चकतीभोवती त्यांनी हवा भरलेली रबरी नळी बसवली. ती चकती आणि सायकलचं भरीव रबराचं चाक अंगणातून गडगडत सोडलं. भरीव चाक लवकर कोलमडलं, हवेचं चाक पुढं निघून गेलं. १८८८ साली डनलॉप यांना पेटंट मिळालं, आणि दोनच वर्षांत थॉमसनच्या जुन्या पेटंटमुळे ते टिकणार नाही असं ठरलं. पण तोवर हवेचा टायर लोकांनी स्वीकारला होता. १८९४ साली म्युनिकमध्ये हिल्डेब्रांड आणि वोल्फम्युलर यांनी विक्रीसाठी मोटारसायकली बनवायला घेतल्या, तेव्हा त्यांना हवेचेच टायर होते.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. टायर गाडीचं वजन उचलत नाही. वजन उचलते ती आतली हवा. टायर आणि ट्यूब त्या हवेला धरून ठेवतात. आणि एवढी मोठी गाडी, वर दोन माणसं, हे सगळं रस्त्याला टेकतं ते प्रत्येक चाकाच्या तळहाताएवढ्या जागेवर. वळणं, ब्रेक मारणं, सरळ चालणं, सगळा कारभार तेवढ्याच जागेतून चालतो. हवा कमी झाली, की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला दुमडतात आणि उलगडतात, त्यातून रबर तापतं, आणि गाडी सांगू तिकडे लगेच वळत नाही. मागच्या चाकात हवा कमी असली, की गाडी शेपूट हलवते. पुढच्यात कमी असली, की हँडल जड होतं.

पुढची पन्नास वर्षं इंजिनाची ताकद वाढत गेली आणि चौकट मागं पडली. पुष्कळ गाड्यांचं मागचं चाक कोणत्याही स्प्रिंगशिवाय थेट सांगाड्यालाच जोडलेलं असायचं. हँडल थरथरू नये म्हणून त्यावर एक स्क्रू असे. तो आवळला की हँडल जड व्हायचं आणि थरथर कमी वाटायची. म्हणजे रोग तसाच ठेवून ताप उतरवण्याचा उपाय. १९४९ साली इंग्लंडमध्ये नव्या बुलेटला मागं हलता चिमटा आणि दोन शॉकॲब्सॉर्बर आले. पुढच्याच वर्षी नॉर्टन कंपनीनं आपल्या शर्यतीच्या गाड्यांना नवी चौकट दिली. ती बनवणारे रेक्स मॅककँडलेस हे त्याच बेलफास्टचे, स्वतःच्या हातानं शिकलेले मेकॅनिक. हॅरल्ड डॅनियल या शर्यतपटूनं गाडी चालवून पाहिली आणि पिसांच्या गादीवर बसल्यासारखं वाटतं असा शेरा दिला. तेच त्या चौकटीचं नाव पडलं, फेदरबेड.

आता यातली खरी गोष्ट. १९५० साली जेफ ड्यूक यांनी या गाडीवर आइल ऑफ मॅनची मोठी शर्यत जिंकली. नंतर बेल्जियमला गेले, तिथं टायरचा वरचा थर सुटला. हॉलंडला पुन्हा तेच झालं. दोन्ही शर्यती अर्ध्यावर सुटल्या. वर्षाअखेर ५०० सीसीचं जगज्जेतेपद इटलीच्या उंबेर्तो मासेत्ती यांना मिळालं. मासेत्तींचे गुण २८, ड्यूक यांचे २७. एका गुणानं विजेतेपद गेलं, तेही जगातल्या सगळ्यांत चांगल्या चौकटीवर बसून. चौकट सुधारली, म्हणून माणूस वळणावर आणखी वेगानं जायला लागला. त्या वेगाचा सगळा ताण खाली टायरवर आला, आणि टायर त्यासाठी तयार नव्हता. एक दोष काढला, की त्याच्या आड लपलेला दुसरा दोष पुढं येतो. मामा हेच वेगळ्या शब्दांत सांगत असत.

आणखी एक नाव सांगतो. रॉबिन शार्प या इंग्रज अभियंत्यानं १९७१ साली, म्हणजे माझी बुलेट बनली त्याच वर्षी, मोटारसायकलच्या स्थिरतेवर एक निबंध प्रसिद्ध केला. गणितानं त्यांनी दाखवलं, की मोटारसायकल मुख्यतः तीन प्रकारांनी तोल सोडते. पहिला, सरळ एका बाजूला कलंडणं. दुसरा, सगळी गाडी सावकाश डुलणं, सेकंदाला दोन-तीन वेळा. तिसरा, फक्त पुढचं चाक आणि हँडल वेगानं थरथरणं, सेकंदाला सात-आठ वेळा. आणि त्यांनी हेही दाखवलं, की हँडलला जड करणारा स्क्रू थरथर कमी करतो, पण डुलणं वाढवतो. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून हसलो. किणीच्या पुढं हँडल घट्ट धरल्यावर गाडी जास्त का डुलली, आणि मित्राच्या सांगण्यावरून ते आवळल्यावर दुखणं का वाढलं, याचं उत्तर तिथं छापलेलं होतं.

आता पुन्हा उद्यमनगरात येऊ. मामांनी हा निबंध वाचलेला असणं शक्य नव्हतं. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. आपल्याकडे बुलेट मद्रासला १९५५ पासून बनायला लागली, जावा म्हैसूरला १९६१ पासून. या गाड्या तीस-तीस वर्षं वापरात राहिल्या, चार-पाच मालकांच्या हातांतून फिरल्या, आणि त्यांच्याबरोबर अशा मिस्त्रींच्या पिढ्या घडल्या. मी तक्रार सांगितली. त्यांनी स्पॅनरला हातही लावला नाही. फक्त विचारलं, ‘हँडल थरथरतंय का गाडी डुलतीया? किती वेगाला? सोडल्यावर का पिळल्यावर?’ मी म्हणालो, डुलते, साठच्या पुढं. ते म्हणाले, ‘मग मागनं सुरू करूया.’

आधी हवा. गाडी थंड असताना मोजली, तर मागं जवळजवळ निम्मीच. ती भरली आणि मला चक्कर मारून यायला सांगितलं. डुलणं थोडं कमी झालं होतं. मग डबल स्टँडवर गाडी लावून मागचं चाक हातानं फिरवलं आणि टायरजवळ खडूचा तुकडा स्थिर धरला. चाक गोल फिरत होतं, पण टायर एका जागी वर येऊन खडूला लागत होता. रिमच्या काठालगत टायरवर एक बारीक रेघ असते. ती सगळीकडून सारखी दिसायला हवी. इथं एका बाजूला ती रिममध्ये बुडालेली. म्हणजे टायर रिमवर नीट बसलेलाच नव्हता. खोलल्यावर दिसलं, की रिमला आतून पोचा होता आणि टायर रिमोल्ड केलेला. जुन्या सांगाड्यावर नवं रबर चढवलेलं. म्हणून नक्षी एवढी ताजी दिसत होती, आणि मी तीच बघून खूश झालो होतो.

नवा टायर घातला, रिमचा पोचा काढला, आऱ्या एकेक करून वाजवून सारख्या ताणल्या. घट्ट आरीचा आवाज खणखणीत येतो, सैल आरी बद्द वाजते. पुन्हा चक्कर. डुलणं बरंच गेलं होतं, पण पूर्ण नाही. मग मामांनी मागचं चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवलं. चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ नव्हता, पण चिमटाच मुळात हलत होता. त्याचे बुश झिजले होते. ते बदलले. मग दोरा घेऊन दोन्ही चाकं एका रेषेत आहेत का पाहिलं, कारण चेन आवळताना मागचं चाक तिरकं बसवणं ही नेहमीची चूक. सगळ्यांत शेवटी हँडल. पुढचं चाक वर उचलून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. मी आवळून ठेवलेला कोनसेट त्यांनी पुन्हा बेतानं सैल केला. हँडल स्वतःच्या वजनानं पडायला हवं आणि मध्यावर अडकता कामा नये, पण काटे पुढं-मागं ओढल्यावर खट्‌ वाजताही कामा नये.

मी म्हणालो, ‘मामा, एवढ्या चकरा कशाला? सगळं एकदम बदललं असतं तर?’

ते म्हणाले, ‘एकदम बदलल्यावर बरी झाली, तर कशानं झाली ते तुमास्नी कळणार कसं? आन्‌ बरी न्हाई झाली, तर आता कुठं बघायचं, ते तरी कुटं कळणार?’

मी वर्गात मुलांना प्रयोगाच्या वेळी एका वेळी एकच गोष्ट बदला असं शिकवत होतो, आणि स्वतःच्या गाडीवर दोन महिन्यांचा पगार त्याच्या उलट करण्यात घातला होता. स्वस्त आणि सोप्या गोष्टीपासून महाग आणि अवघड गोष्टीकडे जायचं, प्रत्येक पायरीला गाडी चालवून पाहायची, चौकट वाकली असं सगळ्यांत शेवटी म्हणायचं. त्यांचा हा क्रम मी पुढं कधी मोडला नाही.

आणि मग मी त्यांना सांगून टाकलं, की खरं तर मी गाडी विकायला निघालो होतो. त्यांनी हात पुसत माझ्याकडे पाहिलं. ‘विका की. पण घेणाऱ्याच्या मागं कोण बसणार हाय, त्ये इचारलंय का?’ मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, ‘सर, इंजिन बंद पडलं तर मानूस रस्त्याच्या कडंला उभा ऱ्हातो. टायरनं दगा दिला, तर कडंला जायला येळ मिळंलच असं न्हाई.’ मग त्यांनी काढलेला रिमोल्ड टायर पायाखाली धरला आणि लोखंड कापायच्या करवतीनं त्याची कड दोन ठिकाणी कापली. कडेत पोलादी तार असते, म्हणून वेळ लागला. मी विचारलं, असं का? म्हणाले, ‘टाकला तर कुनीतरी उचलून परत चढवंल.’

त्याच सुमाराला काळ बदलला. १९८५ साली शंभर सीसीच्या हीरो होंडा आणि यामाहा रस्त्यावर आल्या, आणि मोटारसायकल सामान्य माणसाच्या घरात आली. पुढं ट्यूबलेस टायर आले, डिस्क ब्रेक आले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. हे सगळं चांगलंच आहे. पण एबीएससुद्धा रस्त्याला धरतं ते टायरच्या तळहाताएवढ्या जागेतूनच. टायर दगडासारखा कडक झालेला असेल, तर ते तरी काय करणार?

मध्यंतरी माझ्या नातवानं पुण्यात जुनी मोटारसायकल पसंत केली आणि मला बघायला बोलावलं. म्हणाला, ‘आजोबा, टायर मस्त आहेत, नक्षी पूर्ण आहे.’ मी गुडघे दुखत असूनही खाली बसलो. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथं १४१६ असं होतं. २०१६ सालचा चौदावा आठवडा. गाडी फार चाललीच नव्हती, उन्हात उभी होती, म्हणून नक्षी शिल्लक होती. नख रोवून पाहिलं, तर रबर दबेना. नक्षीच्या तळाशी आणि बाजूंना केसासारख्या बारीक भेगा. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर, दिसायला कितीही चांगला असला तरी बदलावा, असं टायर बनवणारेच सांगतात.

मग आम्ही मामांच्या क्रमानं बाकीचं पाहिलं. टायर मधोमध सपाट झालाय का, म्हणजे वळताना गाडी काठावरून पडल्यासारखी कलंडेल. कुठं फुगवटा आहे का. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण उलटा तर नाही. टायरवर लिहिलेलं माप आणि गाडीच्या पुस्तकातलं माप एकच आहे का. एका बाजूचा टायर जास्त झिजलाय का, कारण तसं असेल तर चाकं एका रेषेत आहेत की नाहीत ते पाहायला हवं. आणि शेवटी, मोकळ्या सरळ रस्त्यावर, हात हँडलवरच ठेवून पण पकड हलकी करून, गाडी कुठल्या बाजूला ओढते का ते. नातवानं हे सगळं स्वतः केलं. गाडी सरळ होती.

सौदा मोडला नाही. दोन नव्या टायरांची किंमत कापून घेतली आणि त्याच दिवशी टायर बदलले. दुकानदार जुने टायर बाजूच्या ढिगात टाकायला निघाला. नातू म्हणाला, ‘थांबा, ते आमचे आहेत.’ आणि त्यानं माझ्याकडे वळून विचारलं, ‘आजोबा, करवत कुठं मिळेल?’